दादरचं पोर्तुगीज चर्च पोर्तुगीज का दिसत नाही

दादरला पोर्तुगीज चर्चच्या स्टॉपवर पहिल्यांदा उतरलेला माणूस आधी चर्चच शोधत बसतो. नाव ऐकून डोक्यात गोव्याचं काहीतरी असतं, आणि समोर दिसतात काँक्रीटचे निमुळते होत गेलेले आकार. नाव जुनंच आहे, फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी १५९६ मध्ये इथे पहिलं चर्च बांधलं होतं. आत्ताची इमारत मात्र १९७४ ते ७७ दरम्यानची, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची.

आता जुनं चर्च गोव्यासारखं का असायचं ते आधी बघू. प्रोटेस्टंटांनी फूट पाडल्यावर रोमने, म्हणजे पोपच्या कॅथलिक चर्चने, ट्रेंट गावात परिषद भरवली, १५४५ ते १५६३, आणि त्यानंतर जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी वगैरे जी चर्चेस बांधली ती म्हणजे सरळ लांब हॉल, मध्ये खांबांची अडचण नाही, टोकाला भिंतभर सोनेरी कोरीवकाम. गोव्याचं बॉम जेझू (१६०५) आठवा. त्यात प्रवचनाचा लाकडी मंच पुढे वेदीपाशी (म्हणजे फादर जिथे पूजाविधी करतात त्या टेबलापाशी) नाही, बाजूच्या भिंतीवर मध्यावर आहे, कारण माइक नव्हते ना, मागच्यांना ऐकू कसं जाणार! पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये, वेदी मागच्या भिंतीला चिकटलेली, फादरांची पाठ लोकांकडे. लोक आपले बाकांवर बसून रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणतायत.

विसाव्या शतकात आधी बदललं ते मटेरियल. पॅरिसजवळ ल रँसीला ओग्युस्त पेरेने १९२३ मध्ये चक्क उघड्या आरसीसीचं चर्च उभं केलं, बारीक खांब आणि भिंतींच्या जागी रंगीत काचा. जर्मनीत आखेनला रुडॉल्फ श्वार्झने १९३० मध्ये उलटं टोक गाठलं, आत जवळपास काहीच नाही, नुसत्या पांढऱ्या भिंती. मग १९५५ ला फ्रान्समधलं राँशाँचं चर्च, आपल्या चंदीगडवाल्या ल कॉर्बुझिएचं. त्याचं ते जाडजूड छप्पर भिंतींवर नीट टेकलेलंच नाही, मध्ये दहाएक सेंटिमीटरची फट ठेवलीय, त्यातून उजेडाची रेघ आत येते आणि एवढं वजनदार छप्पर तरंगल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर अख्ख्या चर्चमधली सगळ्यात भारी गोष्ट ती फटच.

पण हे सगळे तोवर सुटे सुटे प्रयोग होते. खरा फरक पडला रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५). ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेवरचा जाहीरनामा मंजूर झाला, त्यात मुद्दा एकच धरून ठेवलाय की लोकांनी नुसतं बघत न बसता मिस्सेत भाग घ्यायचा, आणि लोकांच्या भाषेला वाट मोकळी झाली, म्हणून तर आज वसईत मराठीत मिस्सा होते. पुढच्या वर्षीच्या सूचनेत आलं की वेदी भिंतीपासून सुटी असलेली बरी, तिच्याभोवती फिरता यावं आणि लोकांकडे तोंड करून मिस्सा म्हणता यावी. वाचायला किरकोळ वाटतं. पण फादर एकदा वळले की लांबलचक हॉलचं कारणच संपलं ना, शेवटच्या बाकावरच्याने का म्हणून लांबून बघायचं? लिव्हरपूलचं कॅथेड्रल (१९६७) तर चक्क गोल केलं, वेदी मध्यभागी. जुन्या चर्चेसमध्ये एवढी तोडफोड कोण करणार, तिथे सोनेरी वेदी मागे तशीच ठेवून पुढे एक साधं टेबल मांडलं, गोव्यात-वसईत कुठेही डोकावलात तर दिसेल.

१९६९ मध्ये रोमने भारतासाठी वेगळी सूटही दिली, चपला बाहेर काढून मांडी घालून बसणं, आरती, हात जोडून नमस्कार, हे सगळं चालेल म्हणून. यावरून समाजात वादही भरपूर झाले, तो वेगळा विषय.

कोरियांना दादरचं काम मिळालं ते या बदलांच्या काळात. युरोपातलं चर्च थंडीपायी बंद पेटीसारखं असतं, मुंबईच्या उकाड्यात ते कशाला? म्हणून त्यांनी पेटी फोडली. काही भाग झाकलेले, काही उघडे चौक, एकातून दुसऱ्यात जायचं, आणि झाकलेल्या भागांवर ते काँक्रीटचे उंच निमुळते शेल (पातळ कवचासारखी छपरं), म्हणजे गरम हवा वर चढून निघून जाते. बाहेरून विचित्र वाटणारा तो आकार बराचसा या उकाड्यापायी आलाय.