‘मोअर’ म्हणजे आणखी की जास्त?

सोलापूरच्या पूर्व भागात मी नववीला इंग्रजी शिकवते. परवा फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘वुई नीड मोअर एक्स्पिरिअन्स्ड टीचर्स.’ अर्ध्या वह्यांत उत्तर आलं, ‘आपल्याला आणखी काही अनुभवी शिक्षक हवेत.’ उरलेल्यांत, ‘आपल्याला याहून अनुभवी शिक्षक हवेत.’ पहिल्यात शिक्षक चांगले, फक्त कमी पडताहेत. दुसऱ्यात आहेत तेच कच्चे. दोन्हींना मी पूर्ण गुण दिले, कारण दोन्ही अर्थ त्या वाक्यात खरोखरच आहेत.

‘मोअर’ची जोडी ‘एक्स्पिरिअन्स्ड’शी लावली तर दर्जा वाढतो, ‘टीचर्स’शी लावली तर संख्या. भाषाशास्त्र याला रचनेतली संदिग्धता म्हणतं. जुन्या इंग्रजीत ही कामं वाटून दिलेली होती. संख्येला ‘मो’, मोठेपणाला ‘मोअर’. शेक्सपिअरच्या काळातही ‘मो’ भेटतो. पुढे तो गेला आणि सगळा भार एकट्या ‘मोअर’वर आला. नाट्यपदाला आपण ‘वन्स मोअर’ देतो तिथे तो ‘पुन्हा’ होतो. ‘मोअर ऑर लेस’मध्ये नुसतं ‘साधारण’.

मराठीत ‘पुण्यापेक्षा सोलापूर गरम’ एवढं म्हटलं की झालं. ‘जास्त’ घातलं तरी चालतं, पण त्यावाचून अडत नाही, कारण तुलना ‘पुण्या’ला लागलेल्या ‘पेक्षा’मध्येच आहे. हा ‘पेक्षा’ संस्कृत ‘अपेक्षा’तून आला. माझ्या वर्गातल्या विणकर घरांत तेलुगू बोलतात. तिथे हेच काम ‘कंटे’ करतो, कन्नडमध्ये ‘गिंत’. विशेषण तिन्हीकडे आहे तसंच राहतं. म्हणून आमची मुलं ‘मोअर’ विसरतात, नाहीतर धास्तीने ‘मोअर हॉटर’ असं डबल लावतात. त्यावर लाल रेघ मारताना माझा हात जड होतो. ही मुलं एका भाषेचं तर्कशास्त्र दुसरीत नेत असतात, आणि ते तर्कशास्त्र पक्कं असतं.

शिवाय इंग्रजीचे प्रत्यय आपल्याला परके नाहीत. ‘स्वीट’चं ‘स्वीटेस्ट’ होतं तसं संस्कृतात ‘स्वादु’चं ‘स्वादिष्ठ’, म्हणजे सर्वांत गोड. मूळ शब्दांचं कूळ एक, प्रत्ययांचंही एक. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ त्याच साच्यातले. शेंगाचटणीला आपण ‘स्वादिष्ट’ म्हणतो तेव्हा तोच प्रत्यय बोलत असतो.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीच्या घरी जेवायला गेले होते. भाकरीची टोपली पुढे करत तिच्या आईने तेलुगूत विचारलं, ‘इंका कावाला?’ अजून हवी का? मग दाराकडे बघत मुलीला म्हणाल्या, ‘इंका रालेदु.’ तिचे वडील अजून आले नव्हते. भाकरीला आणि वेळेला एकच ‘इंका’, जसा आपला ‘अजून’. इंग्रजीत मात्र भाकरीला ‘मोअर’ आणि वाट बघण्याला ‘यट’. तेव्हा मला कळलं, या मुलीने सहामाहीच्या पेपरात ‘फादर मोअर नॉट केम’ का लिहिलं होतं.