सीए-१२५ साठी रक्त देण्यापूर्वी : आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी माहिती

एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजण्याच्या आजाराच्या) संशयावरून सीए-१२५ ही रक्तचाचणी करून घ्यायला येणाऱ्या भगिनी बहुधा उपाशीपोटी यायचे का, एवढेच विचारतात. तशी गरज नसते. मात्र मासिक पाळीची तारीख सांगणे आवश्यक असते आणि नेमके तेच राहून जाते.

सीए-१२५ हे प्रथिन गर्भाशयाचे अस्तर आणि पोटातील आवरण यांच्या पेशी तयार करतात. पाळीच्या दिवसांत ते निरोगी स्त्रीच्या रक्तातही वाढू शकते. एंडोमेट्रिओसिस असल्यास ही वाढ अधिक ठळक दिसते. अशा वेळी अहवालातला आकडा ३५ युनिट प्रति मिलिलिटर या प्रचलित मर्यादेपुढे गेला, की घरचे इंटरनेट पाहून थेट कर्करोगापर्यंत पोहोचतात आणि पाळी संपल्यावर तीच तपासणी पुन्हा पैसे भरून करावी लागते. म्हणून डॉक्टरांनी तातडीने मागितली नसेल, तर पाळी पूर्ण थांबल्यावरच रक्त द्यावे. काउंटरवर तारीख विचारली जाते ती उगाच चौकशी म्हणून नव्हे. आम्ही ती अहवालावर छापतो.

एंडोमेट्रिओसिस इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर पोसतो, मग रक्तातले इस्ट्रोजेन नॉर्मल असताना हा आजार कसा, अशी शंकाही अनेकींना येते. गर्भाशयाबाहेर रुजलेल्या अस्तरासारख्या पेशींत अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) सक्रिय असते आणि त्याच्या साहाय्याने त्या जागच्या जागी इस्ट्रोजेन बनवतात. ते इस्ट्रोजेन दाह व वेदना वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ वाढवते आणि हे प्रोस्टाग्लँडिन अरोमाटेजला पुन्हा चेतवते. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनने याला आवर घालायचा, तर या पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. ओटीपोटात चाललेला हा व्यवहार हाताच्या शिरेतल्या रक्तात उमटेलच असे नाही, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना हार्मोनचे मोठे पॅकेज घ्या, असे आम्ही सुचवत नाही, मग बिल लहान झाले तरी चालेल.

सीए-१२५ नॉर्मल आले म्हणून आजार नाही असे ठरत नाही आणि गर्भारपण, फायब्रॉइड किंवा पोटाचा क्षय यांतही ते वाढते. युरोपीय तज्ज्ञसंस्था ‘एश्रे’च्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निदानासाठी अशा रक्तचाचण्यांवर विसंबू नये, डॉक्टर हे निदान तपासणी, सोनोग्राफी, एमआरआय आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून करतात.

उपचारादरम्यान आकड्यांची तुलना करायची असेल, तर प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने तपासणी करावी, कारण पद्धत बदलली की आकडाही बदलू शकतो. जुना अहवाल सोबत आणावा. घरी येऊन रक्त घेण्याची सोय आहे, फक्त नोंदणी करताना पाळीची तारीख सांगावी.