सॉफ्ट पेस्टलमध्ये झाडं रंगवताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

निसर्गचित्रासाठी पेस्टल घ्यायला आलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘सगळ्यात जास्त हिरवे कोणत्या पेटीत आहेत?’ आमचं सांगणं असं, की आधी पैसे कागदावर खर्च करा.

शाळेत आपण वापरले ते ऑइल पेस्टल. त्यात रंगद्रव्य मेणात आणि न वाळणाऱ्या तेलात मिसळलेलं असतं. सॉफ्ट पेस्टलमध्ये मात्र रंगद्रव्य आणि पांढरी भुकटी नावापुरत्या डिंकाने धरलेली असते. म्हणून रंग झळाळतो. पण तो कागदाला चिकटत नाही, त्याच्या दाण्यात, म्हणजे पृष्ठभागाच्या खरखरीतपणात, अडकून राहतो. गुळगुळीत कागदावर पहिल्या एकदोन थरांनंतर खडू नुसता घसरतो. ‘कॅन्सन मी-तांत’ या १६० ग्रॅमच्या रंगीत कागदाच्या एका बाजूला जाळीदार पोत असतो, दुसरी बाजू बारीक असते. झाडांसाठी बारीक बाजू घ्या, नाहीतर जाळी पानांतून डोकावत राहते. पॉलिश पेपरसारखा खरखरीत पेस्टल कागद महाग पडतो, पण बरेच थर पेलतो.

कागद पांढरा नको. गेरू किंवा विटकरी रंगाचा घ्या. हिरव्या थरांच्या फटींतून तो ऊबदार रंग दिसला की हिरवा जिवंत वाटतो.

आता झाड. डोळे किलकिले करून आंब्याकडे पाहा: पानं दिसत नाहीत, उजेडाचे आणि सावलीचे मोठे आकार दिसतात. खडूचा लहान तुकडा आडवा धरून आधी सावली भरा, गडद निळ्या-जांभळ्याने आणि काळपट हिरव्याने. मग मधल्या छटा. उजळ पोपटी अगदी शेवटी, मोजक्या ठिकाणी. पानांच्या फटींतून दिसणारे आभाळाचे तुकडे मोकळ्या आभाळापेक्षा किंचित गडद ठेवा, तुकडा जितका लहान तितका गडद. नाहीतर ते झाडावर चिकटवल्यासारखे दिसतात. खोडाला सवयीने तपकिरी लावू नका. आंब्याचं खोड बरंचसं राखाडी असतं. बोटाने घासणं आभाळ आणि लांबच्या डोंगरांपुरतं ठेवा. पानांवर घासलंत की दाणा मरतो.

सह्याद्रीच्या लांबच्या रांगा फिक्या निळसर दिसतात आणि दिवाळीनंतर गवतही सोनेरी होतं. म्हणून हिरव्यांनी भरलेली मोठी पेटी नको, छोटी घ्या आणि काळपट हिरवा, जांभळा, निळसर राखाडी, पिवळी माती असे सुटे खडू जोडा.

भुकटीवर फुंकर मारू नका. काही रंगद्रव्यं, विशेषतः कॅडमियमची, श्वासातून जाणं घातक असतं. बोर्ड जरा पुढे झुकवून टिचकी मारा, पडलेली भुकटी ओल्या फडक्याने टिपा. काम करताना खाणं टाळा.

फिक्सेटिव्हने, म्हणजे भुकटी कागदावर धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याने, रंग गडद होतात, उजळ छटा मंदावतात. फवारायचंच असेल तर मधल्या थरांवर, हलक्या हाताने, उघड्या हवेत. शेवटचा उजेड त्यानंतर द्या आणि तो तसाच सोडा.

फ्रेम करताना चित्र काचेला टेकता कामा नये, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेला टेकलेल्या कागदावर बुरशी धरते. ॲक्रिलिक शीट नको. त्यावरची स्थिर वीज भुकटी ओढून घेते. फ्रेमिंगला चित्र आणताना गुंडाळी करू नका. वर ग्लासीन हा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद ठेवून दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट आणा. ग्लासीन आमच्याकडे सुट्या तावांतही मिळतो.