ऑस्टिओपॅथिक तंत्रिका-स्नायु-अस्थी वैद्यक : निवासी प्रशिक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षणक्रम. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘ओएनएमएम’ म्हणतात. सांधे, स्नायू, प्रावरणी (स्नायूंवरचे पातळ वेष्टण) आणि त्यांना जोडलेल्या तंत्रिका यांतील बिघाड हाताने चाचपून ओळखणे व हातानेच दुरुस्त करणे हा त्याचा गाभा होय. अमेरिकेतील ‘डी. ओ.’ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) पदवीधराला एम. डी. पदवीधराप्रमाणेच औषधे देण्याचा व शस्त्रक्रिया करण्याचा पूर्ण परवाना असतो. युरोपातील ऑस्टिओपॅथ, म्हणजे ऑस्टिओपॅथी या हस्तोपचार पद्धतीने उपचार करणारा, मात्र बहुधा डॉक्टर नसतो. आणि आपल्याकडे डी. ओ. ही अक्षरे नेत्रविज्ञानाच्या पदविकेची म्हणून परिचित असल्याने मराठी वाचकाची गल्लत होणे साहजिक आहे.

उगम : ऑस्टिओपॅथीचे प्रवर्तक अँड्र्यू टेलर स्टिल (१८२८–१९१७) हे अमेरिकेच्या सीमाप्रांतात वैद्यकी करणारे डॉक्टर. १८६४ मध्ये मस्तिष्कावरणदाहाच्या साथीत त्यांची तीन मुले दगावली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. स्वतः स्टिल २२ जून १८७४ हा ऑस्टिओपॅथीचा जन्मदिवस मानत आणि संप्रदायातील ग्रंथांनी तो तसाच उचलला आहे. तथापि ‘ऑस्टिओपॅथी’ हा शब्द त्यांच्या वापरात साधारणपणे १८८५ नंतर आलेला दिसतो. मधल्या काळात ते स्वतःला चुंबकीय उपचारक (शरीरातील कथित चुंबकीय प्रवाह हाताने सुधारणारा) म्हणवत आणि हाडे बसवणारा म्हणूनही जाहिरात करत. त्यामुळे १८७४ हे वर्ष औषधांपासून फारकत घेण्याचे समजावे. हस्तोपचाराची पद्धत त्यानंतर हळूहळू घडली असावी.

हस्तोपचार त्यांनी कोठून घेतले, यावर एकमत नाही. स्टिल यांच्या आत्मकथनात सारे श्रेय शरीररचनेच्या अभ्यासाला आहे. दहाएक वर्षांचे असताना डोके ठणकत होते, म्हणून त्यांनी नांगराचा दोर दोन झाडांमध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधला, त्यावर घोंगडी टाकली आणि मान टेकून पडले. झोप लागली आणि उठले तेव्हा डोकेदुखी थांबली होती, अशी आठवण ते सांगतात. इतिहासकार नॉर्मन गेविट्झ मात्र चुंबकीय उपचार आणि परंपरागत हाडवैद्यकी या दोन प्रवाहांच्या संगमाकडे बोट दाखवतात. उपलब्ध पुरावा पाहता हे मत अधिक पटण्याजोगे आहे. हाडवैद्याकडे जाऊन आलेल्या घरांतील मराठी वाचकाला त्याचे नवलही वाटू नये. यात स्टिल यांना कमीपणा येत नाही. घराण्यात चालणारे कसब त्यांनी शरीररचनेच्या अभ्यासाला जोडले आणि १८९२ मध्ये मिसूरीतील कर्क्सव्हिल येथे त्याची शाळा काढली. एडिनबरोचे डॉक्टर विल्यम स्मिथ तेथे शरीररचना शिकवत; पहिल्याच वर्गात स्त्रियाही होत्या.

विशेष शाखा : विसाव्या शतकात डी. ओ. मंडळींना राज्याराज्यांत पूर्ण परवाना मिळत गेला, तसे औषधे आणि शस्त्रक्रिया यांचे प्रमाण वाढले आणि रोजच्या वैद्यकीत हात मागे पडला. आजही ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांत विद्यार्थ्याला हस्तोपचाराचे सुमारे २०० तासांचे शिक्षण मिळते, पण पुढे ते वापरणारे थोडे. एके काळी सर्वांचे असलेले कसब मूठभरांची विशेष शाखा झाले, ही या नोंदीतील मुख्य गोष्ट. डी. ओ. आणि एम. डी. यांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या मान्यतेच्या वेगवेगळ्या व्यवस्था २०१५ ते २०२० या काळात एसीजीएमई या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाला मान्यता देणाऱ्या परिषदेखाली एकत्र आल्या. तेव्हापासून पुरेशी पूर्वतयारी असलेल्या एम. डी. पदवीधरालाही या शाखेत प्रवेश मिळू शकतो.

प्रवेशाचे तीन मार्ग आहेत. वैद्यकीय पदवीनंतर थेट आल्यास ३६ महिने, एक वर्षाचे प्राथमिक प्रशिक्षण झाले असल्यास २४ महिने आणि दुसऱ्या शाखेचे निवासी प्रशिक्षण पूर्ण केले असल्यास १२ महिने.

हाताचे शिक्षण : निवासी डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात पाठ-मान दुखणारे रुग्ण पाहतात, तसेच वॉर्डात इतर शाखांच्या बोलावण्यावरूनही जातात. न्यूमोनियाच्या रुग्णाला उठवता येत नसेल तर पाठीखाली दोन्ही तळवे सरकवून, कण्यालगत बोटे रोवून बरगड्या हलकेच वर उचलतात. तपासणीत चार गोष्टी शोधतात : ऊतींच्या पोतातील बदल, दोन बाजूंतील विषमता, हालचालीला अटकाव आणि दाबल्यावर दुखणे. उदाहरणार्थ, कमरेच्या मागे ज्या दोन खळ्या दिसतात, तेथील हाडाच्या टोकांखाली डॉक्टर आपले अंगठे ठेवतो आणि रुग्णाला पुढे वाकायला सांगतो. जो अंगठा अधिक वर सरकतो, त्या बाजूचा सांधा अडकला असावा, असा तर्क करतात. बोटे तयार करण्याचा जुना सराव आजही सांगितला जातो : पुस्तकाच्या पानाखाली केस ठेवायचा, डोळे मिटून तो शोधायचा, मग वर एकेक पान वाढवत जायचे.

मूल्यमापन : १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कंबरदुखीच्या रुग्णांना हस्तोपचाराने नेहमीच्या उपचारांइतकाच आराम पडला, औषधे मात्र कमी लागली. याउलट विल्यम गार्नर सदरलँड (१८७३–१९५४) यांनी मांडलेली कवटीची ऑस्टिओपॅथी सर्वांत वादग्रस्त आहे. प्रौढाच्या कवटीची हाडे हाताला जाणवेल इतकी लयबद्ध हलतात, हे तिचे गृहीतक. पण दोन तपासनीसांनी एकाच डोक्यावर हात ठेवून मोजलेली लय सहसा जुळत नाही. तरीही हे तंत्र या प्रशिक्षणात शिकवले जाते. प्रशिक्षण संपल्यावर शाखेच्या प्रमाणन मंडळाची परीक्षा असते आणि तिच्यात लेखी उत्तरांबरोबर हाताचे कामही पाहतात.