पोकलेनची पिन काढताना डोळे सांभाळा

आमचे फिटर तुमच्या साइटवर पोकलेन, जेसीबी किंवा लोडर दुरुस्त करायला येतात तेव्हा गॉगल लावूनच काम करतात. शेजारी टॉर्च धरून वाकलेल्या तुमच्या हेल्परच्या डोळ्यांवर मात्र बहुतेक वेळा काहीच नसतं. हे पत्रक मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

सगळ्यात धोक्याचं काम म्हणजे बकेटची अडकलेली पिन घणाने ठोकणं. पिनचं पोलाद कडक केलेलं असतं, घणाचं तोंडही तसंच. कडकावर कडक आपटलं की तांदळाच्या कणीहून बारीक ठिकरी उडते आणि थेट डोळ्यात घुसू शकते. जखम इतकी लहान की थोडं टोचतं, पाणी येतं, कधी कधी दिसतंही नीट. माणूस डोळा चोळून परत कामाला लागतो. आत राहिलेलं लोखंड गंजतं आणि हळूहळू नजर जाते. म्हणून आम्ही मध्ये पितळेची सळई धरतो, जमेल तिथे जॅकने पिन ढकलतो. त्याला वेळ लागतो, तेवढा द्या. छिन्नीचं डोकं फुलून कडा फाटल्या असतील, तर ती आधी ग्राइंडरवर घासून घ्या.

वेल्डिंग झाल्यावर स्लॅग (जोडावर जमलेली कडक खपली) ठोकताना वेल्डिंगच्या मुखवट्याची काच वर केली जाते, नेमका तेव्हाच कपचा उडतो. दाबाखालचं तेल डोळ्यात उडू नये म्हणून हायड्रॉलिक पाइप सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून प्रेशर उतरवा. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा.

नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. आयएस ५९८३ (डोळ्यांच्या संरक्षणाचं भारतीय मानक) चा मार्क बघून, बाजू झाकणारा घ्या. मुंबईच्या दमट हवेत वाफ धरली की गॉगल कपाळावर जातो, त्यामुळे वाफ न धरणाऱ्या काचेचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

लागलंच, तर चोळू नका, रुतलेलं काढू नका, डोळ्यावर दाब न देता कागदी कप टेकवून चिकटपट्टी लावा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. केईएम, सायन, जे.जे. यांपैकी जे जवळ असेल ते गाठा. ‘लोखंडावर लोखंड मारताना लागलं’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. डोळ्यात लोखंड असताना एमआरआय धोक्याचा असतो. बॅटरीचं ॲसिड किंवा सिमेंट गेलं, तर आधी निदान १५ मिनिटं नळाच्या पाण्याने डोळा धुवा, मग निघा. दूध, मध, गुलाबपाणी घालू नका.

आमच्या गाडीत जादा गॉगल असतात. हेल्परसाठी मागून घ्या, बिलात लावत नाही.