लस-सुरक्षेवरील देखरेख : मुलकोवाल ते सोलापूर

लस दिल्यानंतर बाळाला अर्धा तास केंद्रातच थांबवण्याचा नियम आज सोलापूर जिल्ह्यातील आरोग्य उपकेंद्रांवर पाळला जातो. त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा, बराचसा दुर्घटनांतून घडलेला इतिहास आहे.

जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस १८९७ मध्ये प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना ती दिली गेली आणि एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा, की बाटली उघडताना जमिनीवर पडलेल्या चिमट्याचा, हा वाद १९०७ पर्यंत चालला. तोवर हाफकिन यांना निलंबन सोसावे लागले. लशीतला दोष आणि हाताळणीतली चूक वेगळी काढायची कशी, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. पुढे पंढरीच्या वारकऱ्यांवर कॉलऱ्याच्या सुईची सक्ती झाली, तेव्हाही ताप आणि सुजलेला दंड गृहीतच धरला जाई.

जागतिक आरोग्य संघटनेचा विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७४ मध्ये सुरू झाला, तेव्हा बीसीजी, गोवर, त्रिगुणी या लशी श्रीमंत देशांत वापरून झालेल्या होत्या आणि तिथला अनुभव इतरांनाही पुरेसा मानला गेला. ही उसनवारी फार काळ चालणारी नव्हती. अमेरिकेत १९९८ मध्ये आलेली, बाळांच्या जुलाबांना कारण ठरणाऱ्या रोटाव्हायरसवरची लस, आतड्यात आतडे अडकण्याच्या तक्रारींमुळे, १९९९ मध्येच मागे घेतली गेली, कारण अशा तक्रारी नोंदवण्याची व्यवस्था तिथे १९९० पासून होती. उलट पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली मेनिंजायटिसची लस २०१० मध्ये थेट बुर्किना फासोसारख्या देशांत मोठ्या प्रमाणावर दिली गेली. तिच्याबाबत श्रीमंत देशांचा अनुभव हाताशी असण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक देशाकडे देखरेखीची किमान क्षमता असावी, असा जागतिक आराखडा २०१२ मध्ये आला.

खरी अडचण मात्र कारण ठरवण्यात आहे. सहा, दहा आणि चौदा आठवडे ही लशींची वेळापत्रके ज्या वयात येतात, त्याच वयात न्यूमोनिया, जन्मजात व्यंग किंवा अकारण वाटणारा मृत्यू हेही अर्भकांना गाठतात. लस न देताही त्या भागात किती बालके दगावतात याचा आकडा नसेल आणि नातेवाईक शवविच्छेदनास तयार नसतील, तर निष्कर्ष अडकून पडतो. श्रीलंकेने २००८ मध्ये आणि भूतानने २००९ मध्ये पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्रित लस थांबवली व नंतर पुन्हा सुरू केली, ती याच गुंत्यातून. तमिळनाडूतील तिरुवल्लूर जिल्ह्यात २००८ मध्ये गोवराच्या लशीनंतर चार बालके दगावली. विरघळवलेली गोवराची लस चार तासांत वापरून उरलेली टाकून द्यावी, हा साधा नियम किती जपावा लागतो, हे अशा प्रसंगी कळते.

भारतात लसीकरणोत्तर प्रतिकूल घटनांसाठी राष्ट्रीय सचिवालय २०१२ मध्ये उभे राहिले. कागदावर वाट सरळ आहे : आरोग्य सेविका वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवते, त्यांच्याकडून माहिती जिल्हा माता व बाल संगोपन अधिकाऱ्यांकडे जाते, आणि गंभीर घटना समितीपुढे येते. प्रत्यक्षात चौकशीचा रोख आपल्यावरच येईल, या धास्तीने पहिलीच नोंद राहून जाते. म्हणूनच गेल्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने दर लाख अर्भकांमागे वर्षाला किमान दहा नोंदी असा निकष धरला होता : एखाद्या भागातून नोंदच आली नाही, तर तिथली लस निर्धोक आहे असे न समजता देखरेख अपुरी मानायची.