बारोलो

बारोलो : वायव्य इटलीच्या पिएमोंते प्रांतातील एक प्रख्यात रेड वाइन, आणि जिच्यावरून तिला नाव मिळाले ती छोटीशी वस्ती. तोरिनोच्या (ट्यूरिनच्या) दक्षिणेला, आल्बा शहराजवळ, तानारो नदीच्या उजव्या अंगाला लांगे नावाच्या टेकड्या आहेत. त्यांतल्या ११ गावांच्या शिवारात पिकलेल्या नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांपासूनच ही वाइन करता येते. दुसऱ्या कोणत्याही जातीची भेसळ कायद्याला मान्य नाही. बारोलो, कास्तिल्योने फाल्लेत्तो आणि सेर्रालुंगा द'आल्बा ही तीन गावे पूर्णपणे या क्षेत्रात येतात. ला मोर्रा, मोनफोर्ते द'आल्बा, वेर्दुनो, नोवेल्लो वगैरे आठ गावांचा काही भागच येतो. लागवड सुमारे २,२०० हेक्टरांवर आहे.

पहिल्यांदा बारोलो पेल्यात ओतून घेणाऱ्याची हमखास फसगत होते. रंग पातळ, माणकासारखा, कडेला विटकरीकडे झुकणारा. पेल्याआडची बोटे दिसतील इतका पारदर्शक. वाइन हलकी असेल असे वाटते आणि पहिल्याच घोटाला जीभ, हिरड्या, गालांची आतली बाजू कोरडी पडते. कच्चे जांभूळ किंवा कोवळी सुपारी खाल्लेल्या माणसाला हा तुरटपणा ओळखीचा वाटेल. तो टॅनिन नावाच्या द्रव्याचा असतो. त्याच्या जोडीला तीक्ष्ण आंबटपणाही असतो. रंग आणि जोर यांची इतकी फारकत दुसऱ्या फार थोड्या द्राक्षांत आढळते. नेब्बिओलोच्या सालीत टॅनिन भरपूर असते, पण तिच्या रंगद्रव्यांत पिओनिडिनचा वाटा मोठा असतो, आणि हे रंगद्रव्य हवेशी संयोग होऊन लवकर विरते. म्हणून वाइन तरुण असतानाच तिचा रंग म्हातारा दिसू लागतो, आणि चव मात्र पुढची कित्येक वर्षे ताठ राहते.

नेब्बिओलो हे नाव इटालियन 'नेब्बिया' म्हणजे धुके या शब्दावरून आले, असे मानतात. काहींच्या मते हे तोडणीच्या दिवसांत दऱ्यांत साचणारे धुके, काहींच्या मते पिकल्या मण्यांवरची दाट पांढुरकी लव. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला दुसरा अर्थ चटकन पटेल. तोरिनोजवळच्या रिवोलीच्या नोंदींत ही जात १३व्या शतकापासून दिसते. १४३१ मधल्या ला मोर्राच्या ग्रामनियमांत तर नेब्बिओलोची वेल तोडणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे. तेव्हाही ती इतर जातींपेक्षा वरच्या मोलाची होती हे यावरून दिसते.

जात मात्र बागायतदाराची परीक्षा पाहणारी. ती लवकर फुटते, म्हणून वसंतातल्या गोठणाऱ्या दहिवराची भीती. आणि फार उशिरा, बहुधा ऑक्टोबरात पिकते, म्हणून शरदातल्या पावसाची. मधल्या उन्हाळ्यात गारपिटीची टांगती तलवार असतेच. काडीच्या बुडाजवळचे पहिले काही डोळे वांझ निघतात, त्यामुळे आखूड छाटणी उपयोगाची नाही. हिवाळ्यात प्रत्येक वेलीवर एकच लांब मालकाडी राखून, तिच्यावर आठ-दहा डोळे ठेवून ती तारेवर आडवी बांधतात. पूर्वी बांधायला विलोच्या ओल्या फोका वापरत. आपल्याकडे वेलीला खरी झोप मिळत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. लांगेत बर्फच वेलीला झोपवते आणि छाटणी एकदाच होते. इटलीच्याच तोस्काना प्रांताची सांजोवेझे ही जात अकलूजच्या परिसरात रुजली आणि तिची वाइनही होते. नेब्बिओलो इतकी जुळवून घेणारी नाही. पिएमोंते आणि शेजारच्या लोंबार्दियातले वाल्तेल्लीना खोरे सोडले तर तिने स्वतःचा खरा चेहरा क्वचितच कुठे दाखवला आहे.

म्हणून जागेला इथे विलक्षण किंमत आहे. पिएमोंतेच्या बोलीत दक्षिणेकडे तोंड असलेल्या उन्हाच्या उताराला 'सोरी' म्हणतात आणि टेकडीच्या माथ्याला 'ब्रिक'. थंडीत बर्फ आधी कुठे वितळते ते पाहून जुने शेतकरी नेब्बिओलोची जागा ठरवत. त्याहून कमी उन्हाच्या उतारावर बार्बेरा आणि डोल्चेत्तो या जाती, उत्तरेकडच्या सावलीत हेझलनटची झाडे किंवा रान. कायद्यानेही हाच शहाणपणा उचलला : निव्वळ उत्तरेकडे तोंड असलेले उतार आणि खोऱ्यातली सपाट, ओली जमीन बारोलोसाठी चालत नाही.

या टेकड्या म्हणजे वर आलेला समुद्रतळ आहे. भूशास्त्रातल्या दोन कालखंडांची नावे, सेर्रावाल्लियन आणि टॉर्टोनियन, पिएमोंतेतल्याच गावांवरून पडली आहेत, आणि ढोबळमानाने बारोलोची विभागणीही त्याच दोन थरांनी होते. पश्चिमेला ला मोर्रा आणि बारोलो गावाकडे निळसर-राखी चुनखडीयुक्त चिकणमाती आहे. तिथली वाइन सुगंधी, लवकर मवाळ होणारी. पूर्वेला सेर्रालुंगा आणि दक्षिणेला मोनफोर्तेकडे वाळूच्या दगडाचे थर मिसळलेली, अधिक जुनी आणि घट्ट जमीन आहे. तिथली वाइन करडी, खोल, दीर्घकाळ टिकणारी. मोटारीने पाऊण तासात सगळा मुलूख ओलांडता येतो, पण दोन टोकांच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या तर त्या एकाच द्राक्षाच्या आहेत यावर विश्वास बसणार नाही. बारोलो गावालगतची कान्नुबी ही लांबट टेकडी या दोन्ही स्वभावांच्या सीमेवर येते. 'कान्नुबी १७५२' असे लिहिलेली एक बाटली त्या भागात आजही जपलेली आहे. तिच्यावर बारोलोचे नाव नाही, शेताचे आहे : वाइनला गावाचे नाव मिळण्याच्या पुष्कळ आधी लोक टेकडीला ओळखत होते.

आजच्या रूपातली बारोलो १९व्या शतकात घडली. पूर्वी थंडी पडली की तळघरातले किण्वन (आंबणे) मध्येच थांबे आणि वाइनमध्ये साखर उरे; ती गोडसर आणि बेभरवशाची असे. ती पूर्ण कोरडी, म्हणजे साखर न उरणारी, करण्याचे श्रेय दीर्घकाळ लुई उदार या फ्रेंच माणसाला दिले गेले. नव्या संशोधनाने पाओलो फ्रांचेस्को स्ताल्येनो या इटालियन जाणकाराकडे लक्ष वेधले आहे. तो ग्रिंझाने येथे कामिल्लो काव्हूरच्या बागांत काम करत होता. इटलीच्या एकीकरणाचा शिल्पकार आणि पहिला पंतप्रधान म्हणून जग ज्याला ओळखते तो काव्हूर १८३२ ते १८४९ या काळात या लहानशा गावाचा महापौर होता.

दुसरे नाव मार्केझा जुलिया फाल्लेत्तीचे. जन्माने फ्रेंच असलेली ही बाई बारोलोच्या जहागीरदार घराण्यात सून म्हणून आली, १८३८ मध्ये विधवा झाली, आणि तिने आपले आयुष्य तोरिनोच्या तुरुंगातल्या स्त्रियांची स्थिती सुधारण्यात घालवले. सार्डिनिया-पिएमोंतेचा राजा कार्लो आल्बेर्तो याने तिच्या वाइनबद्दल विचारले तेव्हा तिने वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी एक, उपवासाचे दिवस वगळून, अशी ३२५ पिंपे बैलगाड्यांतून राजवाड्यावर पाठवली, अशी कथा सांगतात. पिंपे नेमकी किती होती याला महत्त्व नाही. १८६४ मध्ये ती निपुत्रिक वारली आणि घराण्याची मालमत्ता तिच्या नावे चालणाऱ्या धर्मादाय संस्थेकडे गेली, ही गोष्ट मात्र कथेपेक्षा मोठी आहे. तिच्यामुळे ही वाइन दरबारात पोहोचली, आणि 'राजांची वाइन' हे बिरूद तेव्हापासून तिला चिकटले.

बिरूद राजाचे असले तरी द्राक्षे पिकवणाऱ्यांच्या घरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दारिद्र्य होते. बहुतेक शेतकरी स्वतः वाइन बाटलीत भरत नसत. तोडणीच्या वेळी आल्ब्याच्या चौकात द्राक्षे घेऊन उभे राहायचे आणि व्यापारी म्हणेल तो भाव घ्यायचा. माल नाशवंत, म्हणून घासाघीस त्याच्या बाजूची. हे चित्र आपल्या बाजारसमितीत उभ्या राहिलेल्या कुणालाही समजावून सांगावे लागणार नाही. तरुण मुले तोरिनोच्या मोटार कारखान्यात गेली. आल्ब्यातल्या फेर्रेरोच्या चॉकलेट कारखान्याने गावोगावी बसगाड्या पाठवून कामगार नेले-आणले, त्यामुळे पुष्कळ कुटुंबांना पगारही मिळाला आणि बागही राखता आली. १९६१ च्या हंगामापासून काही उत्पादकांनी एकेका टेकडीची वाइन वेगळी भरायला सुरुवात केली. उत्पादक रेनातो रात्ती यांनी १९७०च्या दशकात उत्तम शेतांचा नकाशा काढला. १९७२ चे पीक इतके वाईट आले की त्या वर्षी बारोलो या नावाने वाइन विकायचीच नाही असे ठरले. पोट हातावर असलेल्या मुलुखाने घेतलेला हा निर्णय आहे, हे लक्षात घ्यावे.

१९८०च्या दशकात तरुण उत्पादकांची एक फळी उभी राहिली. बापजाद्यांची पद्धत अशी : साली रसात महिना-दीड महिना मुरू द्यायच्या आणि मग वाइन स्लाव्होनियन (क्रोएशियातल्या स्लाव्होनियाच्या) ओकच्या, हजारो लिटरच्या जुन्या पिंपांत वर्षानुवर्षे ठेवायची. तरुणांनी विरळणी करून उत्पन्न कमी केले, साली मुरवण्याचा काळ काही दिवसांवर आणला आणि 'बॅरिक' नावाची २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपे आणली. त्यांच्यातल्या एलिओ आल्तारे यांनी १९८३ मध्ये वडिलांची जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापली. वडिलांनी त्यांना वारशातून बाद केले. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो यांच्यासारखे जुने उत्पादक होते. वेगवेगळ्या शेतांतली द्राक्षे एकत्र करून एकच बारोलो करायची, ही वडिलांची रीत त्यांनी २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडली नाही. आज भांडण निवले आहे. बागेतली शिस्त आणि तळघराची स्वच्छता तरुणांकडून राहिली, मोठी पिंपे आणि लांब मुरवण जुन्यांकडून परतली. नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास नेब्बिओलोच्या गुलाबावर कुरघोडी करतो, हे बहुतेकांना पटले.

बारोलोला १९६६ मध्ये 'नियंत्रित मूळस्थाना'चा आणि १९८० मध्ये 'नियंत्रित व हमी दिलेल्या मूळस्थाना'चा दर्जा मिळाला. तोडणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून निदान ३८ महिने, त्यांतले १८ लाकडात, वाइन मुरली पाहिजे. 'रिझेर्वा'साठी ६२ महिने. २०१० च्या तोडणीपासून लेबलावर लिहिता येतील अशा शेतांची नावे अधिकृतपणे आखून दिली आहेत. २०१४ मध्ये लांगे-रोएरो आणि मोन्फेर्रातो येथील द्राक्षभूमी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. टेकड्यांची ठेवण, गढ्या, शेतातल्या 'चाबोत' नावाच्या एकखोली झोपड्या आणि वाइन करण्याची परंपरा यांचा एकत्र विचार करून हा मान दिला गेला. हवामान बदलामुळे तोडणी आता पूर्वीपेक्षा पुष्कळ लवकर येते. एकेकाळी दहा वर्षांत तीन हंगाम चांगले निघत. आता पिकण्याची चिंता कमी झाली आणि उन्हाने आंबटपणा घसरण्याची वाढली. काही जण पूर्वी टाकाऊ ठरलेल्या उंच, गार उतारांकडे वळत आहेत.

चाखताना घाई नडते. चांगल्या हंगामाची बारोलो दहा वर्षांच्या आत उघडली तर तुरटपणाच्या भिंतीशी गाठ पडते; पंधरा-वीस वर्षांत टॅनिनचे कण एकमेकांना धरून तळाशी गाळ होतात आणि वाइन मऊ पडते. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी आणि गाळ न हलवता ओतावी. तरुण असेल तर दोन-तीन तास आधी रुंद भांड्यात ओतून हवा लागू द्यावी. 'खोलीच्या तापमानाला द्यावी' हा युरोपीय सल्ला महाराष्ट्रात जसाच्या तसा पाळू नये; १६ ते १८ अंश सेल्सिअस अभिप्रेत आहे, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात आधी थोडा वेळ फ्रीज लागतोच. पेला मोठ्या पोटाचा घ्यावा, तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भरू नये. आधी सुकलेल्या गुलाबपाकळ्या आणि आंबट चेरी येतात, मग ज्येष्ठमध, आणि या सगळ्यांच्या खाली ताज्या डांबराचा वास, जो ऐकायला विचित्र पण नाकाला सुखद असतो. जुन्या बाटलीत पावसानंतरच्या रानातल्या कुजक्या पानांचा, ट्रफल या जमिनीखालच्या सुवासिक अळंबीचा गंध उतरतो. पेला तासभर समोर ठेवला तर दर दहा मिनिटांनी वास बदललेला जाणवतो.

नुसती पिण्यासाठी ही वाइन नव्हे. तिचा तुरटपणा स्निग्ध, प्रथिनयुक्त जेवणाशी जुळतो. लांगेत ती भरपूर अंड्यातल्या बलकांच्या बारीक शेवया, म्हणजे ताजारीन, आणि बारोलोतच तासन्‌तास शिजवलेले गोमांस यांच्यासोबत घेतात; शरदात शेवयांवर आल्ब्याचा पांढरा ट्रफल किसतात. जेवणानंतर बारोलो कीनातोचा छोटा पेला येतो. सिंकोना झाडाची साल, साखर आणि मसाले घालून केलेले हे कडू-गोड पेय १९व्या शतकाच्या अखेरीस सेर्रालुंग्यातल्या जुझेप्पे काप्पेल्लानो या औषधविक्रेत्याने लोकप्रिय केले. लांगेतल्या घरांत सर्दी झाली की ते गरम करून देत.